शर्यतीच्या निकालांवरून ट्रायथलॉनचा मार्ग किती अवघड, ते कसे काढावे

पावसाळा लागला की आमच्या रत्नागिरीच्या गटात पुढच्या वर्षीच्या नोंदणीची चर्चा सुरू होते. मग कोणी ना कोणी मोबाइलवर एखाद्या शर्यतीचे निकाल पुढे करून म्हणतोच, "इथली सरासरी वेळ गोव्यापेक्षा वीस मिनिटांनी कमी आहे, म्हणजे मार्ग सोपा." काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हणालो होतो. माझ्या भरवशावर गटातल्या एका शिक्षकांनी परदेशातली एक ७०.३ (म्हणजे हाफ आयर्नमॅन) निवडली, साठवलेली रजा आणि पैसे तिच्यात घातले, आणि साडेआठ तासांचा कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, त्यांना नऊ मिनिटांनी हुकला. तिथली सरासरी कमी होती, कारण तिथे येणारी माणसे मुरलेली होती. रस्ता आपल्यापेक्षा अवघडच होता.

ही चूक अजूनही सर्रास होते, म्हणून सगळी पद्धत क्रमाने लिहितो. लॅपटॉप, एक्सेल आणि शांत अशा दोन-तीन संध्याकाळी एवढे पुरते. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

## टप्पा १ : प्रश्न नेमका करा

"कोणती शर्यत अवघड?" या प्रश्नाला उत्तर नाही. "गोव्याला सात तास लागलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला तिथे किती लागतील?" याला आहे. कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणत्या दोन शर्यती, कोणासाठी (वयोगट आणि साधारण वेग), आणि एकूण वेळ हवी आहे की एखाद्या भागाची.

७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० सायकल, २१.१ धावणे. फुल म्हणजे पूर्ण आयर्नमॅन: ३.८, १८० आणि ४२.२. या दोन अंतरांची तुलना एकमेकांशी करू नका. फुलच्या शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये शरीराचे जे होते, त्याचा अंदाज हाफच्या निकालातून येत नाही.

## टप्पा २ : निकाल गोळा करा

प्रत्येक शर्यतीचे किमान तीन वर्षांचे पूर्ण निकाल घ्या. पहिल्या शंभरांचे नकोत, शेवटच्या माणसापर्यंतचे हवेत. रकाने असे ठेवा: नाव, देश, वयोगट, पोहणे, टी-वन (पाण्यातून आल्यापासून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ), सायकल, टी-टू (सायकल ठेवून धावायला लागेपर्यंतचा), धावणे, एकूण, आणि स्थिती. स्थिती म्हणजे पूर्ण केली, सुरूच केली नाही (डीएनएस), अर्धवट सोडली (डीएनएफ) की बाद ठरवले (डीएसक्यू).

वेळ चिपचीच घ्या, म्हणजे खेळाडूच्या अंगावरच्या चिपने त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजलेली. आता बऱ्याच ठिकाणी खेळाडूंना काही काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात सोडतात. तिथे भोंग्यापासून मोजलेल्या वेळेत रांगेत उभे राहिल्याची मिनिटेही मिसळलेली असतात.

प्रत्येक वर्षासाठी एक वेगळी ओळ लिहा: महिना, तापमान, वारा, पाऊस, मार्गात बदल. गोव्याची ७०.३ मिरामारला पहिल्यांदा झाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०२२ ची नोव्हेंबरमध्ये झाली. पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबरचा उकाडा आणि नोव्हेंबरच्या मध्यावरची सकाळ यांतला फरक कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

सावधान : एखाद्या वर्षी पोहणे रद्द झाले असेल किंवा सायकलचे अंतर कापले असेल, तर ते वर्ष संपूर्ण वगळा. "तेवढी मिनिटे मिळवून घेऊ" असे करू नका. ताज्या पायांनी केलेली सायकल वेगळीच असते.

## टप्पा ३ : साफसफाई

सगळ्यात कंटाळवाणे काम हेच, आणि चुका होतात त्याही इथेच.

आधी वेळा. एक्सेल ६:१२:३० हा आकडा घड्याळातली सकाळची सहा बारा म्हणून वाचते आणि पुढच्या हिशेबात गोंधळ होतो. सगळ्या वेळा मिनिटांत करा: ३७२.५.

मग नावे. तीच व्यक्ती एका निकालात आडनाव आधी लावून येते, दुसऱ्यात वडिलांच्या नावासकट, तिसऱ्यात नुसत्या आद्याक्षरांनी. उलट एकाच वयोगटात सारख्या नावाचे दोन पाटील सहज सापडतात. एकदा मी अशा दोघांना एक धरले आणि पत्रकात एक माणूस आठ महिन्यांत दोन तासांनी सुधारलेला दिसला. पोहण्याचा रकाना पाहिल्यावर चूक कळली: एकाला बत्तीस मिनिटे, दुसऱ्याला अठ्ठावन्न. पोहण्याचा वेग इतक्या लवकर इतका बदलत नाही.

म्हणून नाव, देश आणि वयोगट तिन्ही जुळले तरच जोडी धरा. वयोगट एका पायरीने पुढे गेलेला चालेल, कारण माणूस दरम्यान ४४ चा ४५ होतो. शंका असेल तर जोडी सोडून द्या. दहा जोड्या कमी झाल्या तरी चालतात, चुकीची एकही नको.

तपासा : कोणतेही वीस खेळाडू निवडा आणि पोहणे + टी-वन + सायकल + टी-टू + धावणे यांची बेरीज एकूण वेळेशी पडताळा. दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त फरक आला, तर एखादा रकाना सरकलेला आहे.

## टप्पा ४ : अर्धवट सोडलेल्यांना आधी मोजा

पुढे जाण्याआधी हे करा, नंतर राहून जाते. डीएनएस बाजूला काढा. उरलेल्यांपैकी किती जणांनी सोडली आणि कुठे सोडली ते लिहा: पाण्यात, सायकलवर की धावताना.

पूर्ण करणाऱ्यांचीच सरासरी घेतली, तर अवघड मार्ग सोपा दिसतो. ज्यांना आठ तास पन्नास मिनिटे लागली असती ते यादीत नसतातच; कटऑफने त्यांना बाहेर काढलेले असते. जितका मार्ग कठीण तितकी शेपटी जास्त कापली जाते आणि उरलेल्यांची सरासरी तितकी छान दिसते. आमच्या शिक्षकांची वेळही त्या वर्षीच्या सरासरीत नाही.

यावर साधा उपाय आहे. सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे सगळ्या वेळा ओळीने लावल्यावर बरोब्बर मधली येते ती. आणि ज्यांनी सोडली त्या सगळ्यांना ओळीच्या शेवटी उभे करा. त्यांचा आकडा माहीत नसला तरी मधल्या माणसापेक्षा ते मागे होते एवढे धरले तरी मध्यक निघतो.

## टप्पा ५ : तीच माणसे दोन्ही ठिकाणी शोधा

सगळ्या पद्धतीचा कणा हाच. दोन वेगळ्या जमावांची तुलना करण्याऐवजी एकाच माणसाची दोन ठिकाणची वेळ पाहायची. माणूस तोच असला की उरलेला फरक बऱ्याच अंशी मार्गाचा आणि हवेचा असतो.

हवाईतल्या कोनाचे उदाहरण घ्या, जिथे आयर्नमॅनची जागतिक अजिंक्यपद शर्यत होते. भर उकाडा, लाव्हाच्या पठारावरचा वारा, वेटसूट (पोहण्याचा जाड रबरी पोशाख) नाही. तरी तिथली मधली वेळ कित्येक सपाट शर्यतींपेक्षा चांगली दिसते, कारण तिथे बहुतेक जण पात्रता मिळवून आलेले असतात. जमावांची तुलना केली तर कोना सोपे ठरेल. त्याऐवजी माणसे धरा. पुरुषांची जागतिक अजिंक्यपद शर्यत २०२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसला झाली आणि २०२४ मध्ये कोनाला. पॅट्रिक लांगे या व्यावसायिक खेळाडूला नीसला ८:१०:१७ लागले, कोनाला ७:३५:५३. मॅग्नस डिटलेव्हला ८:११:४३ आणि ७:४३:३९. म्हणजे नीसला एकाला साडेसात टक्के जास्त वेळ लागला, दुसऱ्याला सहा टक्के. नीसच्या सायकल मार्गावर सुमारे २,४०० मीटर चढ आहे, त्याचा हा हिशेब. दोन माणसांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण रीत हीच.

आता कृती.

१. ओळखीच्या शर्यतीला "अ" म्हणा (आपल्यासाठी गोवा) आणि जिचा अंदाज हवा तिला "ब". दोन्ही शर्यती अठरा महिन्यांच्या आत केलेले खेळाडू निवडा. त्याहून जास्त अंतर असेल तर माणूस बदललेला असतो.

२. प्रत्येकासाठी "ब"ची वेळ भागिले "अ"ची वेळ असे गुणोत्तर काढा. मिनिटांची वजाबाकी करू नका. पाच तासांत संपवणाऱ्याचे आणि आठ तासांत संपवणाऱ्याचे वीस मिनिटांचे नुकसान सारखे नसते.

३. "अ" पूर्ण केली पण "ब" सोडली अशांना यादीतून गाळू नका. त्यांना सर्वात मोठ्या गुणोत्तराच्याही पुढे ठेवा. उलट झाले असेल तर सर्वात लहानाच्या आधी.

४. गुणोत्तरे चढत्या क्रमाने लावा आणि मध्यक घ्या.

समजुतीसाठी आकडे घेऊ. अकरा जोड्यांची गुणोत्तरे अशी आली: ०.९८, १.०१, १.०३, १.०४, १.०५, १.०६, १.०७, १.०७, १.०९, १.१२, १.३१. मध्यक सहावा, १.०६. सरासरी काढली असती तर जवळपास १.०८ आली असती, केवळ त्या शेवटच्या एका माणसामुळे. त्याचे टायर फुटले असेल, पोट बिघडले असेल. मार्गाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. मधल्या आकड्याबरोबर मधला पट्टाही लिहून ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांचे जवळपास पाव-पाव आकडे सोडून उरतो तो: इथे १.०३ ते १.०९. पुढे सगळ्यात जास्त उपयोग या पट्ट्याचा होतो.

सावधान, क्रम पाहा : बहुतेकांनी आधी "अ" आणि मग "ब" केली असेल, तर मधल्या काळातली सुधारणा "ब"ला सोपे करून दाखवते. आपल्याकडे हे हमखास घडते, कारण किती तरी जणांची पहिलीच ७०.३ गोव्याची असते. पहिल्या शर्यतीत माणूस टी-वनमध्ये दहा मिनिटे घालवतो, पाणी प्यायला विसरतो, सायकल जोरात मारून धावताना चालायला लागतो. म्हणून "आधी अ" आणि "आधी ब" असे दोन गट वेगळे करा, दोन्हींचे मध्यक काढा आणि त्यांच्या मधोमध येणारा आकडा धरा. एकाच दिशेच्या जोड्या असतील, तर आकड्याशेजारी तसे स्पष्ट लिहा.

तपासा : तीसपेक्षा कमी जोड्या असतील तर टक्क्याच्या अपूर्णांकात बोलू नका. "पाच-सहा टक्के जड" एवढेच म्हणा.

## टप्पा ६ : जोड्या कमी पडल्या तर पूल बांधा

गोवा आणि एखादी युरोपातली शर्यत दोन्ही केलेले बाराच जण सापडतात, असे बऱ्याचदा होते. अशा वेळी दोन्हीकडच्या पुष्कळांनी केलेली तिसरी शर्यत शोधा. अ ते क चे गुणोत्तर १.०४ आणि क ते ब चे १.०२ असेल, तर अ ते ब साधारण १.०६. गुणाकार करायचा, बेरीज नाही. पुलावरून जाताना चूकही वाढते, म्हणून एकापेक्षा जास्त पूल जोडू नका.

## टप्पा ७ : तिन्ही भाग वेगळे करा

एकूण गुणोत्तर १.०० आले म्हणजे दोन मार्ग सारखे, असे नव्हे. एकाचे पोहणे सोपे आणि सायकल चढाची असू शकते. तुम्ही सायकलवाले असाल की पोहणारे, यावर निवड अवलंबून आहे. म्हणून टप्पा ५ प्रत्येक भागासाठी पुन्हा करा.

पोहणे. आधी वेटसूट पाहा. आयर्नमॅनच्या नियमानुसार वयोगटातल्या खेळाडूंना पाण्याचे तापमान २४.५ अंशांपर्यंत असेल तरच वेटसूट घालून बक्षिसाच्या शर्यतीत राहता येते. आपला समुद्र त्यापेक्षा कोमट. वेटसूट अंगाला तरंगते ठेवतो आणि कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा फायदा जास्त होतो. थंड पाण्यातली शर्यत आपल्या माणसाला सोपी दिसते ती बहुधा यामुळे.

मग पाण्याची ओढ. "जाताना मदत, येताना विरोध, हिशेब सारखा" असे पुष्कळ जण म्हणतात. करून पाहा. ताशी ३ किलोमीटरने पोहणाऱ्याला संथ पाण्यात १.९ किलोमीटरला ३८ मिनिटे लागतात. ताशी ०.६ किलोमीटरची ओढ असेल तर निम्मे अंतर १५:५० मध्ये जाईल, परतीला २३:४५ लागतील, एकूण ३९:३५. ताशी २ किलोमीटरने पोहणाऱ्याला ५७ मिनिटांऐवजी साडेबासष्टच्या वर लागतील. एकाचे दीड मिनिट गेले, दुसऱ्याचे साडेपाच. म्हणून पोहण्याचे गुणोत्तर वेगवान, मध्यम आणि संथ अशा तीन गटांत वेगळे काढा.

समुद्रातल्या किंवा खाडीच्या तोंडावरच्या शर्यतीत त्या दिवसाची तिथी पत्रकात लिहा. कोळीवाड्यातला हिशेब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे सकाळी सातला ओहोटी अर्ध्यावर आणि ओढ जोरात. नवमीला पावणेसात, म्हणजे पोहायला उतरताना पाणी जवळपास थबकलेले. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ एकूणच जास्त. हा हिशेब मुंबईकडचा आहे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. एकाच शर्यतीच्या दोन वर्षांतल्या पोहण्याच्या वेळा का जुळत नाहीत, याचे उत्तर मला अनेकदा तिथीच्या रकान्यात सापडले आहे.

सायकल. एकूण चढाचा आकडा पुरेसा नाही. चढ कसा वाटलेला आहे ते पाहा. रत्नागिरीहून भाट्ये, पावस, पूर्णगड करत आडिवऱ्याकडे गेलेल्याला हे पायांनी माहीत आहे. रस्ता खाडीच्या पुलापर्यंत उतरतो, लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो, पुन्हा उतरतो. एका सलग घाटापेक्षा असा रस्ता वेगळ्या तऱ्हेने थकवतो, कारण लय लागतच नाही. तुमची शर्यत लांब घाटाची आहे की अशा लाटांची, हे मार्गाच्या उंचीच्या आलेखावरून गुणोत्तराशेजारी टिपून ठेवा.

धावणे. हा आकडा एकट्याने कधीच वाचू नका. धावण्याचे गुणोत्तर १.१० आले, म्हणजे धावण्याचा रस्ता वाईट असे नव्हे. आधीच्या सायकलने पाय संपवले असतील, किंवा ऊन चढले असेल. सायकल आणि धावणे यांची बेरीज करून काढलेले गुणोत्तर जास्त भरवशाचे असते.

टी-वन आणि टी-टूकडे एक नजर टाका. काही ठिकाणी पाण्यापासून सायकलपर्यंत बरेच पळावे लागते.

## टप्पा ८ : हवेचा हिस्सा बाजूला काढा

आता एकाच शर्यतीची दोन वेगळी वर्षे घ्या आणि दोन्ही वर्षी आलेल्या माणसांवर टप्पा ५ चालवा. मार्ग तोच, माणसे तीच. म्हणजे जो फरक येईल तो मुख्यतः हवेचा आणि पाण्याचा. एकाच शर्यतीत वर्षावर्षाला चार टक्क्यांचा फरक पडत असेल, तर दोन शर्यतींमधला तीन टक्क्यांचा फरक मार्गाचा आहे असे म्हणता येणार नाही.

ही चाचणी पुष्कळ जण टाळतात, कारण हाताशी आलेला छान आकडा तिच्यापुढे टिकत नाही. टाळू नका. आमच्या गटात केलेल्या तुलनांपैकी निम्म्या तरी इथे येऊन "दोन्ही सारख्याच" या उत्तरावर थांबल्या, आणि त्या उत्तरावरही नोंदणी करता येते: प्रवास स्वस्त आहे ती निवडायची.

## टप्पा ९ : आकडा स्वतःला लावा

गोव्याला ६:२० लागलेला खेळाडू घ्या, म्हणजे ३८० मिनिटे. गुणोत्तर १.०६ असेल तर ४०३ मिनिटे, साधारण ६:४३. पट्टा १.०३ ते १.०९, म्हणजे ६:३१ ते ६:५४. याला कटऑफची चिंता नाही.

आता ७:५० लागलेला घ्या, ४७० मिनिटे. मधला आकडा ४९८, म्हणजे ८:१८. कटऑफच्या आत, वर बारा मिनिटे शिल्लक. पण पट्ट्याचे वरचे टोक ५१२ मिनिटांवर जाते, ८:३२. साडेआठच्या पलीकडे. शिवाय हळू खेळाडूंचे गुणोत्तर वेगवानांपेक्षा बहुतेक वेळा मोठे असते, म्हणून अशा माणसाने आपल्याच वेगाच्या गटातला पट्टा वापरावा. कटऑफजवळच्या प्रत्येकाने वरचे टोक पाहूनच ठरवावे. मधला आकडा त्याच्यासाठी नाही.

एकूण कटऑफबरोबर मधले कटऑफही तपासा. ७०.३ मध्ये पोहण्याला साधारण एक तास दहा मिनिटे आणि सायकल संपेपर्यंत साडेपाच तास अशी मर्यादा असते, पण ती शर्यतीगणिक बदलते. त्या वर्षीच्या सूचनापुस्तिकेत वाचा. सायकलचे वेगळे काढलेले गुणोत्तर इथे लावायचे.

शेवटची तपासणी : पत्रकाच्या खाली चार गोष्टी लिहा: कोणती वर्षे, किती जोड्या, किती जणांनी "ब" सोडली, आणि जोड्या दोन्ही दिशांच्या आहेत की एकाच. हे चार आकडे नसलेले गुणोत्तर गटात कोणालाही पाठवू नका.

आमच्या शिक्षकांची गोव्याची वेळ ७:५२ होती. या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा नोंदणी करायची ठरवली, तेव्हा आम्ही दोघांनी त्यांच्या ओसरीवर बसून तीन शर्यतींची पत्रके केली, एकूण एकशे चौदा जोड्या. त्यांच्या वेगाच्या गटातले वरचे टोक ज्या शर्यतीत ८:११ वर थांबले, ती त्यांनी घेतली. सायकलच्या कटऑफला तिथे बावीस मिनिटे हाताशी राहतात; त्यात आणखी दहा भाट्याच्या चढावर वाढवायची, असे ठरवून आम्ही रविवारपासून सराव सुरू केला आहे.